विहीणबाईंच्या मापाचा फ्रीझर

प्रिय विहीणबाई,

फ्रीझर चालू झाला. ही बातमी सगळ्यांत आधी तुमच्या कानावर घालायची होती, पण तुम्ही येत नाही, फोन उचलत नाही, दारावरून गेलात तरी मान वर करत नाही. म्हणून शेवटी कागद घेऊन बसले. माझा जन्म कारखान्यात चाचण्यांचे अहवाल लिहिण्यात गेला आणि अहवालात कुणाला 'प्रिय' म्हणायची सोय नसते, तेव्हा काही चुकलंमाकलं तर गोड मानून घ्या.

तुम्ही हे शहर सोडून बहिणीकडे कायमच्या राहायला निघालात, हे मला कोपऱ्यावरच्या दुकानदाराकडून कळलं. सामान भरायला रिकामी खोकी मागायला तुम्ही त्याच्याकडे गेला होतात. तुमच्या विहीणबाई चालल्या म्हणे, असं तो म्हणाला आणि मी, हो तर, मला कधीचं माहीत आहे, असं म्हणून साखरेची पुडी घेऊन घरी आले. साखर घरात भरपूर होती. तुम्ही जाणार आणि ते मला साखर तोलली जाताना कळणार, हे मला फार लागलं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नाही, तुमचं जाणं मला नको आहे. पण ते कुठल्या तोंडाने सांगायचं हे अजून सापडलेलं नाही, म्हणून आधी फ्रीझरचं सांगते.

हल्ली माझ्या दुपारी अर्ध्या जागेपणी आणि अर्ध्या झोपेत जातात. मागच्या खोलीत स्टुलावर बसते आणि फ्रीझरला पाठ टेकते. त्याचा आवाज अगदी बारीक आहे, लांबच्या खोलीत कुणी हलकंसं घोरावं तसा. खिडकीतून ऊन आत येतं, हत्यारांवरून सरकत जमिनीवर उतरतं, आणि माझ्या डोक्यात जुन्या गोष्टी वाटेल त्या क्रमाने येऊन बसतात. बहुतेकींत तुम्ही असता.

आपली पहिली भेट आठवते? माझी मुलगी आणि तुमचा मुलगा समोरासमोर बसून एकमेकांकडे बघत होते आणि आपण दोघीही एकमेकींकडेच, पण निराळ्या नजरेने. विहिणींनी एकमेकींना पाण्यात पाहायचं असतं, हा जगाचा नियम आपण मन लावून पाळला. तुम्हाला मी फटकळ वाटले, मला तुम्ही जरा जास्तच गोड. मग पोरं नोकरीसाठी दूर गेली आणि एकाच शहरात आपण दोघी आपापल्या रिकाम्या घरांत उरलो. एका दुपारी तुम्ही भलंमोठं पातेलं घेऊन माझ्या दारात उभ्या राहिलात. सगळं आयुष्य इस्पितळाच्या स्वयंपाकघरात गेलेलं तुमचं! वॉर्डच्या वॉर्ड जेवू घालाल, पण एकटीपुरतं करायला बसलात की मीठसुद्धा चुकतं. त्या दिवशी मटारचं सूप होतं, अख्ख्या गल्लीला पुरलं असतं. आपण वाडगा वाडगा प्यायलो आणि उरलेल्याकडे बघत बसलो. टाकवत नाही हो, असं तुम्ही म्हणालात, आणि तुमचा चेहरा बघून मी म्हणून गेले की टाकू नका, मी काहीतरी करते.

ते काहीतरी म्हणजे हा फ्रीझर. दुकानात तयार मिळतो, हे मलाही ठाऊक होतं. पण आमच्या कारखान्यात दुकानांसाठी नि इस्पितळांसाठी फ्रीझरच्या पेट्या बनत, त्यांची खोली ट्रकात किती मावतात यावरून ठरे. घरात कोण वाकणार आहे, हे कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही. तुमची उंची ती काय, रागावू नका, पण विकतच्या फ्रीझरच्या तळाशी गेलेला डबा काढायला तुम्हाला आत उडीच मारावी लागली असती. म्हणून मी खोक्यावर खोकं रचलं, तुम्हाला त्यावर ओणवं उभं केलं आणि काखेपासून बोटांच्या टोकापर्यंत तुमचा हात मोजला. माझ्या फ्रीझरची खोली तीच आहे. तुम्ही हसून हसून खोकी पाडलीत आणि म्हणालात, शिंप्याने झंपराचं माप घ्यावं तसं चाललंय तुमचं. त्या दिवसापासून मी तुमची वाट बघायला लागले, असं मला आता वाटतं.

थंडी कुणालाच बनवता येत नाही, हे तुम्हाला पटवायला मात्र एक अख्खी दुपार गेली. डब्यातल्या अन्नाची ऊब नळीतला गॅस उचलतो आणि बाहेर नेऊन सोडतो, ऊब गेली की उरते ती थंडी. शेंगा सोलता सोलता तुम्ही म्हणालात, मग हे केर काढण्यासारखंच झालं की, उंबऱ्याबाहेर लोटायचं. आणि लगेच विचारलंत, बाहेर लोटलेली ऊब जाते कुठे? मी सांगितलं, बाहेरच्या पत्र्यात, त्याच्या आतून नळ्या फिरवलेल्या असतात, म्हणून चालू फ्रीझर अंगाला कोमट लागतो. तुम्ही शेंगांची परात खाली ठेवलीत, गुडघे चोळलेत आणि म्हणालात, मग ती सगळी ऊब एकाच बाजूला आणता येईल का हो, इथे माझ्या स्टुलाकडे?

कुठल्याही शहाण्या माणसाने नाही म्हटलं असतं. नळ्या चारी बाजूंना पसरल्या तर ऊब सहज निघून जाते, एका जागी कोंबल्या तर कॉम्प्रेसरला धाप लागते. मीही तोंडाने नाहीच म्हणत राहिले आणि चित्र मात्र तुम्ही म्हणालात तसं काढलं. तुमच्या स्टुलाच्या बाजूला, गुडघ्यांच्या उंचीवर, नळ्या दाट. त्यांची ऊब परत आत शिरू नये म्हणून तिथला फोम जाड. आणि कॉम्प्रेसर गरजेपेक्षा मोठा, म्हणजे बिचाऱ्याच्या जिवाला घोर नको. आत थोडी जागा गेली. असं चित्र कारखान्यात नेलं असतं तर साहेबांनी मला घरी बसवलं असतं, पण आता मी घरीच बसले आहे, तेव्हा भीती कुणाची?

आता त्या दिवसाचं, जो दिवस आपण दोघीही टाळतो आहोत. आतली पेटी बाहेरच्या पेटीत बसवली होती आणि मधल्या फटीत फोम ओतला होता. दोन पातळ द्रव एकत्र केले की ते दूध उतू यावं तसे फुगत वर येतात आणि घट्ट होतात. फुगताना ते आतल्या पत्र्याला ढकलतात, म्हणून पेटीत मी फळ्यांचे टेकू लावले होते. तेवढ्यात फोन वाजला. लेकीचा होता. ती म्हणाली, आई, आम्ही वेगळं व्हायचं ठरवलंय, भांडण नाही, कुणी दुसरं नाही, नुसतं आता जमत नाही. मी बाहेरच्या खोलीत फोन धरून उभी आणि तुम्ही मागच्या खोलीत गरम पाण्याची बादली घेऊन. नवं भांडं धुतल्याशिवाय त्यात अन्न ठेवायचं नाही, हा तुमचा इस्पितळातला कायदा! फळ्या मध्ये येतात म्हणून तुम्ही त्या काढल्यात आणि आतली भिंत आरामात पोट काढून पुढे आली.

मी परत आले, ती फुगलेली भिंत बघितली आणि जमिनीवर बसून हमसून हमसून रडले. तुम्हाला वाटलं, भिंतीसाठी. तुम्ही बादली तशीच टाकून माझ्याजवळ बसलात, माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिलात, नवा पत्रा आणून देते म्हणालात, तुमचे हात साबणाचे होते. तुमच्या मुलानेच तुम्हाला सांगायचं ते मी कसं सांगणार? भिंतीचं मला काडीचंही वाटलं नव्हतं, विहीणबाई. तुमचा तो ओला हात पाठीवरून फिरत होता आणि मला एवढंच कळत होतं की हा हात आता जाणार.

संध्याकाळी तुम्हाला मुलाचा फोन गेला असणार. त्यानंतर इतके महिने तुम्ही आला नाहीत. मी तुमच्या जागी जाऊन पुष्कळ विचार केला आहे, दुपारी दुसरं काय असतं मला. तुम्हाला वाटत असेल, हिच्या लेकीचा संसार माझ्या मुलाच्या हातून मोडला, आता कुठल्या तोंडाने जाऊ. नाहीतर, ही मला बघून पुन्हा रडेल. तुमच्या मुलाबद्दल माझ्या मनात काळं नाही. तो गोड मुलगा आहे, अगदी तुमच्यासारखा, चार माणसांचं करता करता घरच्या एकीचं राहून गेलं त्याचं. माझी लेकही माझ्यासारखीच, बोलून मोकळी होते आणि ऐकणाऱ्याचं काय झालं हे मागे वळून बघत नाही. दोघांचं दुःख त्यांचं त्यांना कळतं आहे. ते मी तुमच्या-माझ्यात वाटून घेणार नाही.

उरलेलं काम मी एकटीने केलं. नळ्यांच्या सांध्यांना साबणाचा फेस लावून बुडबुडा येतो का पाहत बसले, पंप लावून नळ्यांतली हवा काढली, गॅस भरला. झाकणाचा रबर बसवताना एका माणसाने झाकण धरायला हवं असतं, मी ते डोक्यावर तोलून धरलं. तुम्ही असतात तर हसला असतात. भिंत तशीच ठेवली आहे, बदलायचं माझ्या मनातच आलं नाही. चालू केल्यावर पहिल्यांदा झाकण उघडलं तेव्हा आतून पांढरी वाफ वर न येता कडेवरून खाली ओघळली, माझ्या पायांवरून जमिनीवर पसरली आणि नाहीशी झाली. मी पुन्हा झाकलं, पुन्हा उघडलं. त्या नादात दूध करपलं.

काल दुपारी तिथेच डोळा लागला. स्वप्नात मी पेटीच्या आत चालत होते. आत पांढरं मोकळं मैदान होतं, बर्फाचं, पण थंडी नव्हती. लांबवर तुम्ही ओणव्या होऊन काहीतरी शोधत होतात, हात खांद्यापर्यंत बर्फात गेलेला. काय हरवलं ते विचारायला मी तोंड उघडलं तर शब्द नाही, नुसती वाफ. मी चालत राहिले आणि तुम्ही तेवढ्याच लांब राहिलात. जाग आली तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं आणि मी तुमच्या स्टुलावर बसले होते. मग उठले आणि दुकानात कागद आणायला गेले.

आता खरं काय ते लिहिते. परवा पोरांच्या शेवटच्या सह्या झाल्या. लेकीने फोन करून सांगितलं, आई, झालं. आणि फोन ठेवल्यावर माझ्या मनात तिच्याही आधी तुम्ही आलात. पोरं तरुण आहेत, रडतील, उठतील, पुन्हा कुणाचा तरी हात धरतील. सून गेली, जावई गेला, तर लोक चार शब्द बोलायला येतात. विहीण गेली तर कुणी येत नाही, ते दुःख आहे हेच कुणाच्या ध्यानात नसतं. परवापासून तू माझी कुणी नाहीस आणि मी तुझी कुणी नाही, म्हणून आता ते अहो-जाहोही राहू दे. पुढची खोली झाडून, पलंग खिडकीशी लावून ठेवला आहे. बहीण तुला प्रेमाने सांभाळेल, हे मला माहीत आहे. मला सांभाळायला कुणी नको आहे, मला तू हवी आहेस. विहीण होतीस तेव्हा तुझ्यावर माझा हक्क होता आणि तो मी नुसता थट्टेत घालवला. आज कसलाच हक्क नाही, म्हणून नुसतं मागते. जाऊ नकोस. खोकी घेऊन इकडेच ये.

तुझीच,
कोण, ते तू आल्यावर ठरवू.