पाला दीडशेचा, चॉकी दोनशेची

४ जाने.
चॉकी आली, म्हणजे रेशमाच्या बाळअळ्या. सकाळी सातला टेम्पो. सुनीतानं शेडाच्या दारात चुना टाकून ठेवलेला, टेम्पोवाल्यालाही त्यात पाय घालायला लावले. मंग ट्रे मोजायला लागली अन् मधीच थांबली. "अहो, हे जास्त दिसून राह्यलंय." मी ट्रे उतरवत राह्यलो. दीडशे अंडीपुंजांच्या अळ्या सांगायच्या असं दोघांचं ठरल्तं. मी फोनवर दोनशे बोलून गेल्तो. दिवाळीच्या बॅचला याच तुतीच्या बागेचा पाला दोनशेला पुरून उरला होता, म्हणून. "दिवाळीत एवढी थंडी होती का?" एवढंच म्हणली अन् आत गेली. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

पण अळ्या कसल्या सुरेख! कोवळा पाला टाकला की पाच मिनिटांत सगळ्या वर. बघत बसलो. कॉलेजला उशीर.

७ जाने.
भोकरदनला जाता-येता बोटं गारठून गाडीचा क्लच दाबंना. अकरावीला आज अर्थशास्त्रातला उत्पादन शक्यता वक्र. तासिकेवरचा मास्तर का असंना, नऊ वर्षं काढून राह्यलोय हा वक्र, डोळे झाकून येतो. साधनं मर्यादित, गरजा अमर्याद. वक्रावरचा बिंदू, आतला बिंदू, बाहेरचा बिंदू. बाहेरचा म्हणजे अप्राप्य. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणली, "सर, मंग बाहेरचा बिंदू कोण कशाला निवडंल?" म्हणलं, शहाणा माणूस निवडत न्हाई. पोरींनी ते वहीत उतरवून घेतलं! मला शेडातल्या दोनशे आठवल्या. खडू ठेवला, पाणी प्यालो.

१४ जाने.
संक्रांत. अळ्या चौथ्या कातीला बसल्या, दोन दिवस खाणार न्हाईत. त्यांचं तोंड बंद म्हणून मला बरं वाटतंय. लिहितानाही लाज वाटते.

शेजारची पारूमावशी तिळगूळ घेऊन आल्ती. चुन्याच्या रेघेअलीकडंच उभी राह्यली, हात पाठीमागं. तोंडात तंबाखू. तंबाखूचा हात पाल्याला लागला तरी अळ्या मरतात, हे तिला आमच्यापेक्षा जास्त माहीत. तिचं स्वतःचंबी शेड आहे, एकटी सांभाळते. बॅच चालू असली की तंबाखूची डबी देवळीत बंद.

आमच्या बागेकडं बघून म्हणली, "संतू, किती आणल्यास?"
"दोनशे."
"अन् पाला?"
"होईल की."
"होईल काय! जल्मभर मेंढरामागं हिंडले मी. पाला बघितला की किती तोंडं ते सांगते. हा दीडशेचा हाये, बिलकुल वर न्हाई."

सुनीता तिळगूळ खात होती. माझ्याकडं बघितलंसुद्धा न्हाई. माझी बरी जिरली.

१८ जाने.
कातीतून उठल्या परवा. आता खायचा मोठा घास. फांद्या टाकल्या की पावसासारखा आवाज, तासाभरात नुसत्या काड्या. थंडीनं तुती वाढायचं नावच घेईना. आज ओळीओळीनं फिरून बघितलं. पाला तीन दिवसांचा. अळ्या अजून निदान सहा दिवस खाणार, मंग कोश धरणार. उपाशी राह्यल्या तर कोश पोचट, न्हाईतर धरणारच न्हाईत. म्हणजे सगळ्यांना अर्धपोटी ठेवायचं अन् सगळी बॅच घालवायची, न्हाईतर निम्म्या आत्ताच काढून खड्ड्यात पुरायच्या अन् उरलेल्या जगवायच्या.

पाला विकत बघितला. जाफराबादच्या अंगाला एक बाग मिळत होती, पण शेजारी हरभऱ्यावर फवारा मारलेला. विष. सोडून दिलं.

सुनीता रिकामा ट्रे घेऊन रॅकपाशी उभी. "सांगा, कोणच्या काढायच्या?"

कोणच्या! सगळ्या सारख्याच धष्टपुष्ट, मान वर करून पाला शोधणाऱ्या. मला सांगता येईना. नऊ वर्षं पोरांना सांगतो, निवड करावी लागते, करावीच लागते. ट्रे रिकामाच भिंतीला लावला तिनं. म्हणली, "उद्या संध्याकाळपर्यंत बघू. मंग मी काढीन. तुम्ही येऊ नका आत."

लग्नाला चौदा वर्षं झाली. दोनशेवरून अजून एक शब्द बोलली न्हाई ती.

१९ जाने.
कॉलेजातून आलो तर पारूमावशी रेघेपाशी उभी. सुनीतानं विहिरीवर तिला सगळं सांगितलेलं.

"माझी चॉकी उद्या येणार होती. फोन करून दुसऱ्याला देऊन टाकली. सकाळी विळा घेऊन ये."

मला काही कळंना. म्हणलं, "मावशी, आख्खी बॅच सोडता? आमच्या चुकीपायी?"

"तुझ्या आज उपाशी हायेत. माझ्या तर अजून आल्याबी न्हाईत. ताट कोणाला आधी वाढायचं?"

पाल्याचे पैसे घ्या म्हणलो तर अशी तडकली! "इकत बसले असते तर बाजारात न्हेऊन बसले असते. तुझ्या शेडात कशाला आले असते, मास्तर?" रागावली की ती मला मास्तर म्हणते.

गेल्यावर सुनीता चुलीपुढं बसून रडली. मी नुसता ट्रेकडं बघत होतो. रिकामा. देवा, रिकामाच राह्यला.

२० जाने.
पहाटे उठून मावशीच्या बागेत. तीपण कापायला. आम्ही नको म्हणलो तरी. पाल्याला हात लावायचा म्हणून कालपासून तंबाखू बंद. "डोकं फिरलंय माझं, जास्त बोलू नको," असं दर ओळीला. फांदी कुठून कापायची यावरून मला चार शिव्या. सुनीताला एकपण न्हाई.

भारे शेडात. अळ्यांचा आवाज. मावशी आज पहिल्यांदा रेघ ओलांडून आत आली, पाय चुन्यात नीट घासून. बघत राह्यली अन् म्हणली, "खा बायांनो."

कॉलेजला दांडी. प्राचार्यांना खरं कारण सांगितलं. हसले अन् म्हणले, जा, प्रात्यक्षिक समजा. भला माणूस.

२४ जाने.
अळ्या पिकल्या, पिवळ्या पडल्या! अंगातून उजेड जातोय अशा दिसून राह्यल्यात. चंद्रिका, कोश धरायच्या जाळ्या, अंथरल्या, दुपारपर्यंत निम्म्या वर चढून धागा सोडायला लागल्या. शेड एकदम शांत. एवढ्या दिवसांच्या आवाजानंतर कान वाजतात.

मावशीला बोलवायला धावत गेलो. दारात बसून तंबाखू मळत होती. "आता मी येत न्हाई आत," म्हणली, "सहा दिवसांनी जिवात जीव आला."

२६ जाने.
मावशी सकाळच्या एसटीनं मंठ्याला गेली, लेकीकडं, लताकडं. "जरा जाऊन येते. बागेला पाणी बघा." पिशवीत दोन लुगडी अन् डबी. जालन्याला गाडी बदलायची, तर मी भोकरदनच्या स्टँडपर्यंत सोडलं. गाडीवर मागं बसून सारखं, "हळू, मास्तर." म्हणजे राग अजून गेला न्हाई, की नुसती सवय?

३१ जाने.
कोश काढले, जालन्याच्या बाजारात नेले. टणक, पांढरे, भरलेले. व्यापाऱ्यानं एक कानाशी धरून हलवला, मान डोलावली. बास. दोनशेच्या दोनशे. मला त्याचा अभिमान न्हाई वाटला, नुसतं हायसं वाटलं. मावशीसाठी एक मूठभर कोश बाजूला ठेवले, दाखवायला.

३ फेब्रु.
लताचा फोन, सुनीताला. मी शेजारीच होतो. म्हणली, वहिनी, तुमचे लई उपकार.

आमचे?

तर झालेलं असं. लता जानेवारीच्या सुरुवातीला जिन्यावरून पडली, पायाला प्लास्टर. घरात दोन लहान लेकरं, सासू न्हाई. मावशीनं तिला सांगितलं होतं, चॉकी सांगून बसले, बॅच उतरल्यावर येते. म्हणजे निम्मा फेब्रुवारी सरल्यावर. अन् एकदम सव्वीस तारखेला दारात हजर. लताला वाटतं आम्हीच तिची बॅच घेऊन तिला मोकळी केली.

सुनीतानं खरं सांगायचा प्रयत्न केला. लता ऐकंना. "आईला काहीबी म्हणू द्या, तुमच्यामुळंच आली."

बॅच असली की माणूस घराला बांधलेला, हे मला काय नवीन? पण मावशीच्या बॅचची खरी किंमत लता होती, हे माझ्या ध्यानात आलंच न्हाई. संधी खर्च शिकवतो मी, एक धरलं की दुसरं काय सुटतं त्याची किंमत! आम्हाला पाला देऊन तिनं काय गमावलं तेवढंच मोजत बसल्तो.

सुनीताला म्हणलं, मावशीनं आपल्यासाठी दिला पाला, की लतासाठी? ती भाकरी थापत होती. "दोन्हीसाठी असंल. तुम्हाला सगळं दोन फाकी करूनच का लागतं?"

९ फेब्रु.
उजळणी. परत तोच वक्र. बाहेरच्या बिंदूपाशी "अप्राप्य" लिहिलं, थांबलो, त्याच्या आधी "एकट्याला" लिहिलं. ती मागच्या बाकावरची म्हणली, "सर, पुस्तकात असं न्हाई." म्हणलं, परीक्षेत लिहू नका, मार्क जातील. मंग अख्खी गोष्ट सांगितली त्यांना, माझ्या दोनशेसकट. पोरी लई हसल्या. हसू द्या.

२४ फेब्रु.
मावशीच्या बागेला आज तिसरं पाणी. तिची तुती आमच्यापेक्षा सरस फुटलीय, कापणी तिच्या हातची ना!

चॉकीवाल्याचा फोन. मार्चची नोंदणी, उद्या सकाळपर्यंत आकडा द्या, तुमचा अन् मावशीचाही. मावशीला फोन लावला. कोश कसे उतरले ते आधी विचारलं तिनं, सगळं ऐकून घेतलं. मंग मी विचारलं, तुमची किती सांगू? कधी येताय?

मागं लेकरं ओरडत होती. "लताचं प्लास्टर निघालं. काठी धरून चालती पोरगी. धाकटं माझ्याशिवाय जेवत न्हाई." मंग तिनंच विचारलं, "बाग फुटली म्हणतोस?"
"लई छान फुटलीय, मावशी."
"सकाळी सांगते."

म्हणलं, मावशी, तुम्ही नसला तरी तुमची चॉकी आम्ही सांभाळतो, मी अन् सुनीता. तर म्हणली, "दोनशेवाल्याच्या हातात देऊ व्हय?" अन् हसली. किती दिवसांनी तिचं हसणं ऐकलं.

वहीत लिहून ठेवलं. आपले दीडशे. मावशीचे... तिथं जागा सोडलीय.