बंपरला नव्हे, चॅसिसला

अहो,

आज संध्याकाळी तुमच्या फोटोसमोर उभी राहून सगळं सांगायला लागले होते. दोन वाक्यं झाली नाहीत तोच नाना भावजी चहा मागायला आले आणि माझं बोलणं तिथंच राहिलं. म्हणून आता लिहायलाच बसले.

बातमी अशी आहे की जनरेटरची ट्रॉली ताडपत्रीखालून बाहेर निघाली, कोपरच्या पुलावर चढली आणि घरी परत आली. अख्खी! पिकअपच्या मागे, जिथे असायला हवी तिथेच.

हसलात ना?

तुमच्यामागे मांडवाचा धंदा आपली प्राजक्ताच बघते. खुर्च्या, पडदे, दिवे, सगळं. जनरेटर न्यायला मात्र ती दर वेळी बाहेरचा टेम्पो बोलवायची, आणि तो टेम्पोवाला ऐन वेळी फोन उचलायचा नाही. एकदा तर हळदीच्या मांडवात नवरी पाटावर बसली आणि वीज गेली. मोबाइलच्या उजेडात हळद लावली त्या लोकांनी. दुसऱ्या मुलीच्या लग्नाला त्यांनी आपल्याला विचारलंसुद्धा नाही. असं आणखी कुणी तोंड फिरवलं असतं, तर पोरीला सगळं बंदच करावं लागलं असतं.

"आई, ट्रॉली आपली, पिकअप आपली, मग लोकांच्या पाया कशाला पडायचं? चांगला हूक बसवून घेते," ती म्हणाली.

मी भाजी चिरत होते. सुरी खाली ठेवली आणि म्हटलं, "मी जिवंत असेपर्यंत ती ट्रॉली गेटाबाहेर जाणार नाही."

तुम्हाला कारण सांगायला हवं का? त्या दिवशी तुम्ही घरी आलात, चपला काढल्यात आणि म्हणालात, "बंपर गेला." मी विचारलं, "आणि ट्रॉली?" तर म्हणे, "ती बंपर घेऊनच गेली!" मी हसले. मग तुमच्या हातातल्या कपाकडे लक्ष गेलं. चहावर साय धरली होती, तुम्ही घोटही घेतला नव्हता.

पुलाच्या चढावर, हूक वेल्डिंग करून जोडलेला तो बंपरच उखडून निघाला होता. ट्रॉली उलटी घरंगळत गेली आणि दुभाजकाला अडली. मागे एक कॉलेजची मुलगी स्कूटरवर होती, ती जेमतेम बाजूला झाली. तुम्ही तिला फुटपाथवर बसवून पाणी पाजलंत, घरी सोडून आलात. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं. पण त्यानंतर तुम्ही ट्रॉलीवर ताडपत्री घातलीत ती कायमची. पुलावरून जायचंही सोडलंत. डोंबिवली पूर्वेला जायला केवढा वळसा घालायचात! मी विचारलं की म्हणायचात, "तिकडं ट्रॅफिक कमी असतं." काय हो, मला सांगितलं असतंत तर? भीती वाटते म्हणायला माझ्यासमोरसुद्धा लाज वाटली?

आणि तुम्ही भित्रे नव्हतात. आमच्या कॉन्व्हेंट शाळेच्या गॅदरिंगला दिवे गेले होते, आठवतं? मी परी झाले होते, पंख लावून विंगेत रडत उभी होते, आणि सिस्टर सगळ्यांना प्रार्थना म्हणायला लावत होत्या. मैदानात तुम्ही मामंजींबरोबर जनरेटरच्या दोरीला हिसके देत होतात. दिवे आले तेव्हा तुम्ही असे काही बघत होतात, जणू सूर्य तुमच्या परवानगीने उगवतो! कसली ऐट ती! मी रडायची थांबले ते तुमच्याकडे बघूनच. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही मग जन्मभर ऐकवलं असतंत.

असो. हुकाचं सांगते.

नाना भावजींचं एकच पालुपद. "वयनी, कशाला नवीन झेंगाट? गावात वेल्डर हाय. दादानं पन त्याच्याकडनंच केलेला."

"काका, आणि तोच तुटला," प्राजू म्हणाली. भावजी पेपर उलटा धरून वाचत बसले.

खरंच, आपल्या गावाला वेल्डिंगचं काय वेड आहे हो! गेट वेल्डिंग, झोपाळा वेल्डिंग, तुळशीवृंदावनाचा कठडासुद्धा वेल्डिंग. बंपर पत्र्याचा असतो, तो वजन ओढायला केलेलाच नसतो, हे तुम्हा भावांच्या डोक्यात कसं आलं नाही? वर त्याच हुकाला दर शनिवारी लिंबू-मिरची बांधायचात!

प्राजूने मोबाइलवर मला एक हूक दाखवला. स्वस्त, चकचकीत, पण तोही बंपरच्या पट्टीलाच बसणारा. तो नको म्हटलं. शेवटी ठाण्याला खोपटच्या एका दुकानात आपल्या पिकअपच्या मॉडेलचाच मिळाला. जाड लोखंडी आडवी दांडी, ती गाडीखाली चॅसिसच्या, म्हणजे मूळ सांगाड्याच्याच, दोन्ही बाजूंना बोल्टने घट्ट बसते. मधोमध पेरूएवढा गोळा, त्यावर ट्रॉलीची वाटी अडकते. शिवाय दोन साखळ्या, चुकून वाटी निसटलीच तर ट्रॉली धरून ठेवायला. साखळ्या बघितल्या आणि मी पहिल्यांदा म्हटलं, "बरं, घे." आरटीओचे कागदही तिने आधी नीट करून घेतले.

बसवायला फिटर घरीच आला. सोबतच्या पुस्तिकेत सगळं इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात. मग काय, तुमच्या मॅडम चष्मा लावून अंगणात खुर्ची टाकून बसल्या! मी वाचायचे, प्राजू आणि फिटर पान्याने बोल्ट आवळायचे. एका ठिकाणी लिहिलं होतं, हुकाची उंची गाडीत नेहमीचं वजन भरून मगच ठरवा. रिकाम्या गाडीवर मापलं तर माल चढल्यावर मागची बाजू बसते आणि ट्रॉली तिरकी ओढली जाते.

"आता वजन कुठून आणू? सगळं सामान मांडवात आहे," प्राजू वैतागली.

तेवढ्यात शेजारच्या घरून आपल्या धवलारणी आल्या. शनिवारच्या हळदीला लग्नाचे धवले गायचेत, त्यांचा सराव करायला जमल्या होत्या. हिराबाय मावशीने विचारलं, "काय गो, वजन पायजे? आमी काय कापसाच्या हाव?"

आणि स्टूल ठेवून एकेक जण पिकअपमध्ये चढली की हो! "प्राजू, आमचा वजन कुठं लिवू नको गो!" "सरक ना जरा, तुझ्या एकटीनंच गाडी बसली!" बसल्या आणि गाणं सुरू. टाळ्या, डोलणं. गाडीखालून फिटर ओरडतोय, "मावशी, हलू नका, माप चुकतंय!" अंगणात इतकं हसू तुम्ही गेल्यापासून आलं नव्हतं.

काम झाल्यावर हिराबायने तेल-हळद आणली आणि नवरीला लावतात तशी त्या गोळ्याला लावली.

"मावशी, ह्याला ग्रीस लावतात."

"मंग ग्रीस पन लाव. मी कुठं नको बोलली?"

आज चाचणी. मीच म्हटलं, पुलावर ने, आणि पुढे बसले. चढाच्या मध्यावर नेमकी वाहनं अडली. प्राजूने ब्रेक लावला. मी आरशात बघितलं, तर ट्रॉलीच्या मागे स्कूटरवर एक मुलगी! ओढणी तोंडाला बांधलेली. "प्राजू, तिला लांब व्हायला सांग," एवढंच म्हणू शकले.

"आई, ट्रॉली बघ. हलली का?"

नव्हती हलली. अहो, तसूभरही नाही. पुढची गाडी सरकली, प्राजूने गिअर टाकला आणि ट्रॉली मुकाट मागे आली. ती मुलगी हॉर्न वाजवत, आमच्याकडे रागाने बघत पुढे निघून गेली. तिच्या दृष्टीने आम्ही फक्त वाटेतली अडचण! मला तिला थांबवून मिठी मारावीशी वाटली. घरापर्यंत मी रडत होते आणि प्राजू ओरडत होती, "आता काय झालं? सगळं नीट झालं ना!" नीट झालं म्हणूनच ना ग, वेडे!

इतक्या वर्षांचं छातीवरचं ओझं उतरलं. तुमचंही उतरलं असेल ना? आता वळसे घालू नका. ती मुलगी तेव्हाही घरी पोचली होती, आजचीही पोचली असेल.

एक वचन देते. शनिवारी प्राजू ट्रॉली घेऊन एकटी जाईल. मी शेजारी बसायचा हट्ट करणार नाही आणि गेटाशी उभी राहून वाट बघणार नाही. पोचल्यावर तिने एक फोन करायचा, एवढंच ठरलंय. तो वाजला की तुमच्या फोटोसमोर येऊन सांगेन, आणि मग दार लावून झोपेन.

तुमची,
शुभांगी