अँटेनाची तार किती लांब?

३ फेब्रु., अमरावती
सुनंदाला पेसमेकर बसवून महिना झाला. एवढ्या दिवसांनी आज हॅम रेडिओ लावला. अकोल्याच्या रफिकभाईंशी बोलत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरात भांडं पडलं. सु. ओट्याला धरून उभी. घेरी आली म्हणे. अँटेनाची तार नेमकी त्याच खोलीवरून जाते; तिच्या लहरींनी पेसमेकर अडखळला असेल. हे आधी कसं सुचलं नाही मला!
सेट बंद.

४ फेब्रु.
रेडिओच्या परवान्याचे कागद चाळले. घरात पेसमेकरवालं माणूस असेल तर तार त्याच्यापासून किती लांब हवी, एक ओळ नाही. परवान्याच्या ऑफिसात फोन केला. "ते दवाखान्यात विचारा." दवाखान्यात विचारलं. "मोबाइल लांब ठेवा." अहो, मोबाइल नाही, अँटेना! "मग तेही लांब ठेवा."
लांब म्हणजे किती?

६ फेब्रु.
सु. म्हणे, "काहून बंद केला रेडिओ? घर मुकं मुकं वाटून राहिलं." सांगितलं नाही. उगाच भ्याली तर...

९ फेब्रु., अकोला
तपासणी. रफिकभाई स्टँडवर घ्यायला आले. डॉक्टरांनी सु.च्या छातीवर यंत्र ठेवून पेसमेकरमधल्या नोंदी पाहिल्या. न राहवून मी सगळं सांगून टाकलं. सु. माझ्याकडे बघतच राहिली. डॉक्टर म्हणाले, त्या दिवशी पेसमेकर अगदी नीट चालला, रेडिओचा काही संबंध दिसत नाही. मग तिला विचारलं, "त्या दिवशी जेवल्या होत्या?"
सु. हळूच, "उपास होता."
"पाणी?"
"पाणीबी नाही."
बाहेर आल्यावर रफिकभाई हसत सुटले. "भाभी, तुमी तर याचा जीवच काढला असता!" मला मात्र रसवंतीत बसल्यावर रडू आलं. सु.ने पदर पुढे केला. "मले सांगायचं न. एकटेच भेत बसले."

१५ फेब्रु.
रफिकभाई आले. तार स्वयंपाकघरावरून काढून मागच्या चिंचेकडे नेली, विजेच्या तारांपासूनही दूर. सेटची पॉवर कमी ठेवायचं ठरलं. अंतराचा आकडा डॉक्टरांनीही दिला नाही. पेसमेकरच्या कंपनीला विचारा म्हणाले. लिहिलंय त्यांना.

२२ फेब्रु.
कंपनीचं उत्तर नाही. सु.च म्हणाली, "लावा." स्वतः समोरच्या अंगणात खुर्ची टाकून बसली, तार घराच्या पार मागे. रफिकभाईंचा आवाज आला, जीव भांड्यात पडला. दोन वाक्यं बोललो की थांबून विचारायचो, "बरी आहेस न?"
तिसऱ्यांदा ती ओरडली, "मले काही होऊन नाही राहिलं! बोला आता सुदं, न थांबता!"
बोललो. नजर मात्र खिडकीतून तिच्यावरच.