चार नंबरचं मशीन रोज विसरतं

९ फेब्रु. २००४, सोम.
बिल्ड झाला! शहापूरचा क्लास, मशीन ४, माझा दहाचा तास. आज्ञा टाइप करायच्या काळ्या खिडकीत पाथ लावला, म्हणजे जावा कुठल्या फोल्डरात आहे ते मशीनला सांगितलं, आणि अख्खा प्रोजेक्ट एका आज्ञेत बांधून झाला. सर म्हणाले, "एकवीसला परीक्षकांसमोर असाच चालला तर किन्हवलीच्या मुलींची सकाळची बॅच शिकवायला तुझी." मला ती बॅच हवीच आहे. एसटीत घरापर्यंत हसू दाबत आले.
निघताना नियमाप्रमाणे सगळ्या खिडक्या बंद, मशीनवर कव्हर, वहीत सही.

१० फेब्रु.
आज म्हणे जावा सापडत नाही. काल बरं सापडत होतं! फोल्डर जागच्या जागी. पाथ पुन्हा लावला, चाललं. मग कालचा गेला कुठे?

११ फेब्रु.
परत तेच. लाइट जातात म्हणून म्हणावं, तर काल गेलेच नव्हते. आईला सांगितलं. "दृष्ट लागली आसंल गो." माझी काढायची की मशीनची, ते विचारलं नाही.

१२ फेब्रु.
माझ्यानंतर अकराला ह्याच मशीनवर मुरबाडचा संतोष बसतो. तोच पुसत असणार. आज सरळ विचारलं.
"मी कशाला पुसू? तुमच्या कामाला हातपन नाय लावला."
बोलताना मान खाली. म्हणजे हाच चोर. सरांना सांगितलं. त्यांनी वहीत त्याच्या तासावर काट मारली, परीक्षेपर्यंत बसायचं नाही. बाकी मशीनं भरलेली. चला, सुटले.

१७ फेब्रु.
सं. इतके दिवस फिरकला नाही. अकराचा तास रिकामा. मशीन तरी रोज विसरतंच आहे. मग पुसतं कोण? डोकं चालत नाही.

१९ फेब्रु.
चुकून दोन काळ्या खिडक्या उघडल्या. एकीत बिल्ड होतो, दुसरीत नाही! एकच मशीन, एकच वेळ. दहा मिनिटं नुसती बघत बसले.
एका खिडकीला सांगितलेलं त्या खिडकीपुरतंच. ती मिटली की गेलं. आणि रोज मिटत कोण होतं? मीच, नियमाप्रमाणे. चोर सोडून संन्याशाला फाशी.
कायमचा पाथ सेटिंगमध्ये लावतात. तिथेही घाई. आधीचं सगळं खोडून माझंच लिहिलं, तर मशीन साध्या आज्ञाही ओळखेना. शेवटी मशीन ५ मध्ये बघून जुनं परत लिहिलं, पुढे अर्धविराम, मग माझं. बंद करून उघडलं. आठवतंय त्याला!
सरांना सांगायला त्यांच्या टेबलापर्यंत गेले. वहीत सही करून परत आले. हे कळायला दहा दिवस घालवणारीला बॅच कोण देईल?

२१ फेब्रु., शनि.
माझा प्रोजेक्ट पहिल्या झटक्यात चालला. सं.चा अर्धाच होता. परीक्षक त्याला म्हणाले, पुढच्या खेपेला या.
जिन्यात गाठलं त्याला. खिडकीचं सगळं सांगून टाकलं. त्याने ऐकून घेतलं, मग हसला.
"आसं हाय होय! माझा पाथपन रोज जायचा. मला वाटलं, तुमीच पुसता."
"मग सरांना बोललात का नाही?"
"पुसताना बगितलं नव्हतं ना तुमाला."
आणि मुरबाडची गाडी धरायला गेला. मला फार लाज वाटली. अजून वाटते आहे.

२३ फेब्रु., सोम.
बॅच सुरू. आठ मुली. नियम वाचून दाखवले, खिडक्या बंद, कव्हर, सही. सहीची वही उघडली तर सं.च्या तासावर काट तशीच.
सर मागे येऊन उभे. "बघ, त्याला काढला आणि मशीन सुधारलं की नाही?"
"सर, ते तसं नाही," इथवर बोलले.
"मॅडम, हे उघडत नाय," एक मुलगी म्हणाली. मला आजवर कुणी मॅडम म्हटलेलं नव्हतं. सर अजून थांबलेले होते, आणि मी आधी तिच्या मशीनकडे गेले.