बाबांची तरंगती कॅप्सूल

सोम., १० नोव्हें.
लॅबमध्ये आठव्या बॅचची गोळी आम्लात टाकली. आधी बुडाली, मग फुगून वर आली ती संध्याकाळपर्यंत वरच. सर खूश. पोटात अशीच तरंगली तर औषध हळूहळू सुटेल.
घरी मात्र बाबांचं तेच. औषधानंतर तासाभरात हातपाय वळवळतात, संध्याकाळी लाकडासारखे ताठ. पार्किन्सन्सची त्यांची कॅप्सूलही तरंगतीच. डॉक्टरांना विचारून मीच सुरू करवलेली. मग असं का?

बुध., १२
माधव नगरला डॉ.कडे. आजार पुढे सरकतोय म्हणाले. डोस वाढवला.

शुक्र., १४
काल बाबांना दोनदा उलटी, चक्कर. आज रजा घेतली. दुपारी स्वयंपाकघरात गेले तर आई कॅप्सूल उघडून भुकटी दलियात कालवत होती.
"दिवाळीपासून घशात अडकते गं त्यांच्या. एकदा तर श्वासच कोंडला. तुला सांगू नको म्हणाले."
म्हणजे सगळं औषध एकदम सुटतं आणि संध्याकाळपर्यंत संपतं. त्यावर आपण डोस वाढवलेला. आईला जे बोलले ते इथे लिहवत नाही.
डॉ.ना फोन. कॅप्सूल बंद, उद्यापासून साध्या, कुटून देता येणाऱ्या गोळ्या, थोड्या थोड्या, दर तीन तासांनी. शेवटी म्हणाले, "आपको तो मालूम होगा, ये खोलनी नहीं होती."
मालूम था.

रवि., १६
उलट्या थांबल्या. आईची माफी मागितली. ती मान हलवून मेथी निवडत राहिली.
बाबांना विचारलं, मला का नाही सांगितलं.
"तू एवढ्या हौसेनं आणलेलीस. गिळवत नाही, हे कसं सांगू?"

मंगळ., १८
लॅबमधली आपली गोळी मोजली. बारा मिमी, फुगल्यावर आणखी. सरांना विचारलं, ज्यांना गिळवत नाही त्यांचं काय? "वो अपना टॉपिक नहीं है." खरंय. तरी दिवसभर काम सुचलं नाही.

गुरु., २०
इंदूरला गिळण्याची तपासणी सोमवारी. नानाखेडा स्टँडवरून बस नको, गाडी सांगितली.
बाबांनी जवळ बसवून घेतलं. तपासणीत बिघाड निघाला तर नाकातून नळी घालतात ना, विचारलं. कधी कधी, म्हटलं.
"मला नळी नको. आत्ताच सांगून ठेवतो. आईला नाही, तुला."
मी हो म्हणाले नाही. नाहीही म्हणवेना. त्यांनी माझा हात धरून ठेवलेला, सोडला नाही.