निम्म्या वेगाची आरामशीन

६ जानेवारी, सोम.
आमच्या आरामशीनला कोणीतरी हात लावलाय. लॅपटॉपवरच्या खेळातल्या. वनखात्यानं सुधाकरांची एटापल्लीला बदली केल्यापासून आमचा संसार त्या खेळातच. मी चिमूरच्या लॅपटॉपवर, ते तिकडच्या, आणि मधे एक नदी, पाणचक्की, लाकूड कापणारं पातं. "दिवसभर चोरीचा साग पकडता अन् इथी आरामशीन काढता," असं चिडवते मी. तिसऱ्या कोणी तिथं यायचं नाही, हे दोघांनी ठरवलेलं.

काल पातं चक्कीच्या दांड्याला थेट जोडलेलं होतं. भरधाव. आज मधे तीन दातेरी चाकं. चक्कीकडे लहान, पात्याकडे मोठं; वेग निम्मा, जोर दुप्पट. दोघांच्या मधे आणखी एक, फक्त पातं उलटं फिरू नये म्हणून.

सु. असं करत नाहीत. त्यांना नुसता वेग हवा असतो.

७ जाने.
फोनवर विचारलं.
"मीच केलं ना. तू काऊन पोलिसावानी पुसून राह्यली?"
"मधलं चाक कशाले लावलं?"
"असंच. चांगलं दिसते."

चांगलं दिसते! अकरावीच्या वर्गात भौतिकशास्त्राला असं उत्तर देणाऱ्याला मी उभं ठेवते.

पण एवढ्यावरून? नवऱ्याच्या शर्टावर केस सापडावा, तसं मी दातेरी चाक हातात घेऊन बसले आहे. माणूस नवीन काही शिकूही शकतो.

९ जाने., गुरु.
कोण कधी येऊन गेलं ते खेळ दाखवतो. आज दुपारी सु. आलेले. संध्याकाळी फोनवर मला म्हणाले, "दिवसभर जंगलात होतो, नेटच नाई."

दांड्याला आता टेकूही दिलाय. ती घाई करत नाही.

'ती' का लिहिलं? मला काय माहीत कोण आहे, आहे की नाही. खोडत नाही. लिहून गेले ते गेले.

११ जाने., शनि.
सु. घरी यायच्या आधी तिन्ही चाकं काढून ठेवली. परीक्षाच. लाज वाटत होती, तरी.

जेवणानंतर माझा लॅपटॉप पुढं केला. "वेग निम्मा करा ना."
त्यांनी चक्कीकडे मोठं चाक बसवलं, पात्याकडे लहान. पातं दुप्पट पळालं आणि तुटलं.
"तुही आरामशीन बी सरकारी हाय वाटते!" खदखदून हसले. मीही हसले.
"सोमवारी तं जमलं होतं तुम्हाले."
"त्या दिवशी डोस्कं चाललं असन." चहा मागितला. माझ्याकडे पाहिलं नाही. की पाहिलं, आणि मीच तेव्हा पडद्याकडे बघत होते? खरं सांगायचं तर खात्री नाही.

संक्रांतीला थांबा म्हटलं. ड्यूटी आहे म्हणे.

१३ जाने., सोम.
सु. सकाळच्या एसटीनं गेले. दुपारी कॉलेजातून येऊन खेळ उघडला. त्यांचा हिरव्या टोपीचा बाहुला पाणचक्कीपाशी उभा. लगेच फोन लावला.
"कुठं आहात?"
"गाडीतच. आलापल्ली बी नाई आली अजून." मागं हॉर्न, कंडक्टरची घंटी.
"लॅपटॉप?"
"क्वार्टरवर. कुलपात. काऊन व?"
समोर हिरवी टोपी मोठं चाक काढत होती.
"काही नाई. जेवून घ्या वेळेवर."

लहान, मधलं, मोठं. नवं पातं. सुरू झालं, शांत, सरळ फळ्या पडायला लागल्या. इतकं नेटकं काम की संशय विसरून पाहत राहिले. मग बाहुला माझ्या बाहुलीसमोर आला आणि एक पाटी रोवली:

"बाई, आता पातं तुटत नाई."

बाई. म्हणजे तिकडे कुणालातरी मी कोण ते माहीत आहे. शनिवारी पातं तुटल्याचंही.

"कोण?" अशी पाटी लिहिली, पुसली. विचारायचं तर सु. यांनाच विचारायला हवं. फोन कानाला होता तेव्हाच विचारता आलं असतं. जेवून घ्या म्हटलं मी.

बाहुला गेल्यावर मधलं चाक काढून माझ्याकडे ठेवलं. पातं थांबलं. पाटी तशीच आहे.

उद्या संक्रांत, कॉलेज बंद. चाक बसवायला कोणीतरी येईल. मी तिथंच उभी असेन.