शिशाच्या दुसऱ्या भट्टीस धर्मनिधी देऊ नये म्हणून

प्रति,
मा. अधीक्षक,
धार्मिक निधी नियंत्रण कार्यालय

विषय : प्रार्थनामंदिर संस्थेस शिसे वितळवण्याच्या दुसऱ्या भट्टीत पैसे गुंतवण्याची परवानगी नाकारणेबाबत.
संदर्भ : हरकती मागवणारी आपल्या फलकावरील सूचना.

महोदय,

मी खाली सही करणारी अर्जदार, धंदा शिवणकाम, राहणार कारखान्यामागची गल्ली, सादर करते की सदर प्रस्तावास माझी हरकत आहे. खरे म्हणजे मला त्याची किळस आली आहे. परंतु तसा रकाना आपल्या नमुन्यात नाही.

१. दारू, तंबाखू, जुगार व शस्त्रे या धंद्यांत निधी घालायचा नाही, असा संस्थेचा ठराव आहे. ठराव उत्तम. त्यास अनुसरून, रुग्णालयांना जखमा पुसण्याचे स्पिरिट पुरवणाऱ्या कंपनीतून पैसे काढले, कारण स्पिरिट म्हणजे दारूचेच भावंड, असे समितीचे मत पडले. ते पैसे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढणाऱ्या कारखान्यात घातले.

२. हा कारखाना निवडताना समितीचे दोन सदस्य मालकाच्या घरी गेले. मी त्या वेळी तेथे पडद्यांची मापे घेत स्टुलावर उभी होते. सदस्यांनी कपाटे उघडली, गाद्यांखाली हात घातले. बाटली नाही, राखदाणी नाही, पत्ते नाहीत. मामंजी पहाटे प्रार्थना करतात, असे सूनबाईंनी सांगितले. "उद्योग शुद्ध" असा शेरा तेथेच, चहाच्या टेबलावर पडला. कारखान्यात कोणी पाऊलही ठेवले नाही. मी विचारले असता संस्थेचे सचिव म्हणाले, "अहो बाई, भट्टी कुठे पाप करते? पाप माणूस करतो."

३. माझी मुलगी काज करण्यात कुणाला हार जाणारी नव्हती. शिवणावर दोघींचे भागेना म्हणून ती याच कारखान्यात शिशाच्या पट्ट्या निवडायला लागली. आज तिचा उजवा पंजा मनगटातून लोंबतो. सुईत दोरा ओवता येत नाही. पोटात कळ आली की जमिनीवर मुटकुळे करून पडते. सरकारी डॉक्टरांनी रक्तात शिसे असल्याचे लिहून दिले आहे.

४. कारखान्याच्या नफ्यातून संस्था मोफत दवाखाना चालवते. मुलीचे औषध तेथूनच मिळते. बाहेर ते मला झेपणारे नाही. म्हणजे एका हाताने विष, दुसऱ्या हाताने गोळी, आणि मग दोन्ही हात जोडून प्रार्थना! मी तक्रार केली तेव्हा धर्मगुरूंनी मायेने समजावले, "भट्टी बंद पडली तर दवाखाना कशावर चालायचा? तुमच्याच लेकीचं नुकसान." चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच, फक्त आवाज फार गोड होता.

५. आता दुसऱ्या भट्टीच्या उद्घाटनाची कळ माझ्या मुलीने दाबावी, असे निमंत्रण आले आहे. कार्यक्रमात तिचा उल्लेख "नीतिमान गुंतवणुकीची लाभार्थी" असा होणार आहे. तिचा हात उचलत नाही असे कळवले, तर एक स्वयंसेविका खालून कोपर धरेल व ती फोटोत येणार नाही, असे उत्तर मिळाले. तिच्यासाठी पांढरा पोशाख शिवायला कापडही मलाच पाठवले. बाही लांब ठेवावी, मनगट झाकले जावे, अशी सूचना सोबत होती. कापड मी परत केले.

मी मुलीला जाऊ नको म्हटले. ती म्हणाली, "जाऊ दे गं आई. नाही गेले आणि औषध बंद केलं, तर?"

तरी विनंती की, सदर परवानगी नाकारावी, आणि नाकारताना मुलीचे औषध चालू राहील असा लेखी आदेश संस्थेस द्यावा. या दोहोंपैकी एकच गोष्ट आपल्या अधिकारात बसत असेल, तर औषध चालू ठेवावे आणि हा अर्ज फाडून टाकावा. तो आला होता, हे संस्थेस कळू देऊ नये.

आपली,
नम्र राहण्याची शिकस्त करणारी,
(सही)
गल्लीतली टेलरबाई
दिनांक : ७ मार्च

सोबत : रक्ततपासणीचा अहवाल व निमंत्रण, प्रत्येकी एक प्रत.